चैत्रातला पोळा

गजकर्णाचं मलम आमच्या दुकानातून जितकं 'मित्रासाठी' गेलं, तितके मित्र सगळ्या युसूफ वडगावात मिळून नसतील. गिऱ्हाईक यायचं, आधी तापाची गोळी मागायचं, मग उगंच खोकल्याच्या बाटलीची किंमत विचारायचं, आणि दुकानातलं बाईमाणूस गेलं की काउंटरवर वाकून हळूच म्हणायचं, "आप्पा, एका मित्राला खाज हाय." मी विचारायचो, "कुठं?" मित्राला कुठं खाज आहे ते सांगताना गड्याचा स्वतःचा हात बरोबर त्या जागी जायचा.

आप्पा म्हणजे मी. आमचं घराणं वाण्याचं, वडिलांचं किराणा दुकान. मी अंबाजोगाईला फार्मसीचा डिप्लोमा केला आणि किराण्याशेजारच्या गाळ्यात मेडिकल टाकलं, ते हातपाय थकेपर्यंत तिथंच उभा राहिलो. आता दुकान मुलगी बघते. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे आणि माझ्यापेक्षा कमी बोलते, म्हणून दुकान बरं चाललंय. दिवाळी अंकवाल्यांनी "धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हणून फोन केला, तेव्हा त्यांना वाटलं असेल की हा कुणाचा तरी जीव वाचवल्याची गोष्ट लिहील. तसलं काही माझ्या हातून घडलं नाही. मी जन्मभर गावाची खाज बघितली, तर तीच लिहितो.

बाहेरच्या माणसासाठी आधी थोडं सांगतो. गजकर्ण, नायटा, काय म्हणाल ते, ही बुरशी आहे. लोणच्यावर येते तिचीच चुलत बहीण. तिला घाम, ओल आणि कोंदट जागा मिळाली की ती संसार थाटते. तिच्यावर साधं बुरशीचं मलम असतं, ते हळूहळू काम करतं. लावायची रीत अशी: जागा धुवायची, पुसून खडखडीत कोरडी करायची, मग पातळ थर. नुसता चट्ट्यावर नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरसुद्धा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढं गेलेली असते. लावून झालं की हात धुवायचे. आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावत राहायचं. ह्या शेवटच्या वाक्याला आमच्या तालुक्यात कुणी मान दिलेला मी बघितला नाही. खाज थांबली की ट्यूब देवळीत जाते आणि तिथून ती सगळ्या घराची होते. सासूच्या टाचेच्या भेगांना, नातवाच्या नाकाखाली, भाजलं तरी तीच, गांधीलमाशी चावली तरी तीच.

दुसरी जात म्हणजे लाल टोपणाची ट्यूब. नाव कुणालाच ठाऊक नसतं, टोपणाच्या रंगावरून मागतात. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड आणि आणखी एकदोन औषधं कालवलेली असतात. लावली की दुसऱ्या दिवशी खाज बंद, लाली बंद, माणूस खूश. पण स्टेरॉइडनं कातडीची लढायची ताकदच काढून घेतलेली असते, त्यामुळं आत बुरशी मजेत पसरते. ट्यूब बंद केली की दुपटीनं वर येते. मग परत लाल टोपण. असं करता करता कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, पांढरे चरे पडतात आणि ते जन्मभर जात नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय लाल टोपण मिळणार नाही अशी मी पाटी लावली होती. लोक पाटी वाचायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या दुकानात जायचे. ह्याचं मला आजही वाईट वाटतं. गिऱ्हाईक गेल्याचं नाही, त्यांच्या कातडीचं.

बरं, लाल टोपण परवडलं असे वस्ताद लोकही होते. एकानं नायट्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी लावलं. मी कपाळावर हात मारला, तर म्हणतो, "आप्पा, गचकरण जळालं का न्हाई ते सांगा." गचकरण जळालं होतं. त्याच्याखालची मांडीही जळाली होती.

आता मूळ गोष्टीवर येतो. आमच्या गल्लीच्या टोकाला व्यंकटदादा राहतात. शेतकरी माणूस, आवाज असा की दारात बोलले की माझ्या कपाटातल्या बाटल्या हलतात. त्यांचा एकुलता एक मुलगा बालाजी. बीए झालेला, शेती करतो, ट्रॅक्टर चालवतो. दिवसभर ट्रॅक्टरच्या तापलेल्या सीटवर, अंगात घट्ट जीन्स. ह्याचं लग्न सिरसाळ्याच्या प्रियंकाशी ठरलं, तारीख वैशाखातली. आणि फाल्गुनात हा दुकानात आला, तापाची गोळी मागितली, खोकल्याच्या बाटलीची किंमत विचारली.

"मित्राला कुठंय?" मीच विचारलं.

गडी रडकुंडीला आला. "आप्पा, मलाच हाय. कमरंला. वर्ष झालं. जातंय, परत येतंय. लाल टोपण बी झालं, पांढरं बी झालं."

आत बोलावून शर्ट वर करायला लावलं. कमरेभोवती चट्ट्यांची रांगच लागली होती, एकाला एक चिकटून, पाठीकडं चढलेली. मी म्हटलं, हे आता दुकानातलं काम नाही, डॉक्टरला दाखव. तर तो म्हणाला, "आप्पा, सिरसाळ्यात कळलं तर सोयरीक मोडंल. तिच्या आत्यानं थोरल्या बहिणीची सोयरीक मोडली होती, नवऱ्याच्या हातावर कोड हाय म्हनून. कोड न्हवतं ते, भाजलेलं होतं."

आणि पोरगी त्याला मनापासून आवडलेली. फोनवर बोलायला आमच्या दुकानामागच्या चिंचेखाली तासन् तास उभा असायचा, मला दिसत होतं की. त्यात आणखी एक घोळ मलाच सुचला आणि मी तो बोलून बसलो. आमच्याकडं नवऱ्या मुलाला हळद लावतात आणि त्याच्या अंगची उरलेली, उष्टी हळद नवरीला जाते. नवरीकडच्या बायका मुद्दाम न्यायला येतात. मी म्हटलं, "बालाजी, उष्टी हळद जाईल तशी उष्टी खाजही जाईल रे." पोराचा चेहरा असा पडला की मी जीभ चावली.

त्याला घेऊन मी अंबाजोगाईला गेलो. त्वचेच्या डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, बोलायला कडक. त्यांनी ब्लेडनं थोडी साल खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, बुरशी नक्की केली. लाल टोपण आजपासून बंद. साधं मलम, सोबत पोटात घ्यायची गोळी, टॉवेल वेगळा, आतले कपडे रोज धुवून उन्हात, जीन्स बंद. घरात आणखी कुणाला खाजत असेल तर त्यांनाही घेऊन या, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसरा परत देतो. मी मान डोलवत होतो, कारण हे सगळं मी काउंटरवरून रोज सांगायचो. मग त्यांनी चिमट्यानं बालाजीच्या कमरेचा करदोडा उचलला. काळा गोफ, घामानं कडक झालेला, त्याला ट्रॅक्टरची किल्ली अडकवलेली.

"हा कधी बदलला?"

"पोळ्याला, म्याडम."

"मागच्या?"

"मागच्या." मग त्यानं विचार केला. "न्हाई, मागच्या पोळ्याला आजीचं सुतक होतं. त्याच्या मागच्या."

डॉक्टरबाईंनी चिमटा टाकून दिला. "म्हणजे तुम्ही टॉवेल उकळून घ्याल, कपडे उन्हात घालाल, आणि ही ओली बुरशीची दोरी चोवीस तास त्याच जागेवर बांधून ठेवाल. मलम कुणाला लावताय, गजकर्णाला की करदोड्याला?"

इतकी वर्षं मी लोकांना टॉवेल सांगितला, चड्डी सांगितली, अंथरूण सांगितलं. करदोडा कधी डोक्यात आलाच नाही, कारण तो माझ्याही कमरेला होता. दाखवायला मी गंभीर चेहरा केला, पण टेबलाखालून माझा हात आपला माझ्याच कमरेवर.

डॉक्टरबाईंना वाटलं, झालं, कात्री लावा. त्यांना व्यंकटदादा माहीत नव्हते. आमच्या गावात पोळ्याला बैलाला नवी वेसण, नवा कासरा आणि गड्यामाणसांना नवा करदोडा, अशी रीत. मधे सोडायचा नाही. व्यंकटदादांच्या घरी तर जास्तच कडक. बिनकरदोड्याचा माणूस आणि बिनवेसणीचा बैल त्यांना सारखाच. मी आणि बालाजी ओसरीवर बसून सगळं समजावून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं, दाराच्या चौकटीला पाठ घासत.

"पोळ्याला बदलू," ते म्हणाले.

"दादा, लग्न वैशाखात आहे. पोळा श्रावणाच्या शेवटी."

"मंग लग्न पुढं ढकला."

"अहो, एक दोरा कापायचा आहे."

"आप्पा, तुमी शिकलेले. आमच्या बापानं कदी मधी सोडला न्हाई. लग्नाच्या तोंडावर नवरदेवाचा करदोडा तोडायचा? काय वाईटवंगाळ झालं तर तुमचं मलम येतंय का निस्तरायला?"

मी म्हटलं, "तुम्हालाही खाजतंय ना? मघापासून चौकट घासताय."

"मला घामुळं हाय."

पंधरा दिवस हा घोळ चालला. बालाजी इमानदारीनं मलम लावायचा, गोळी घ्यायचा, चट्टे फिके पडायचे, पण करदोड्याच्या रेषेवर परत लाल उठायचं. लपून तोड म्हटलं तर नाही म्हणाला, "लग्नाच्या टायमाला दादांना खोटं बोलायचं न्हाई." पोरगं वाळत चाललं. चिंचेखालचे फोनही आखूड झाले. एकदा मला म्हणाला, "आप्पा, मीच तिला न्हाई म्हनून सांगतो. तिच्या अंगावर हे गेलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई." खाजेची चेष्टा मी जन्मभर केली, पण हे पोरगं खरंच लग्नावर पाणी सोडायला निघालं होतं.

मार्ग काढला सुमनवहिनींनी, म्हणजे बालाजीच्या आईनं. त्या भाकरी थापत सगळं ऐकायच्या, बोलायच्या नाहीत. एक दिवस हात धुवून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोळ्यालाच बदलायचा ना?"

"पोळ्यालाच."

"मंग आईतवारी पोळा हाय. मी पुरण घालते."

व्यंकटदादांनी आधी बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चैत्रात पोळा?"

"गेल्या साली सुतकानं ऱ्हायला होता. तो आता करायचा. ऱ्हायलेला सण करायचा न्हाई असं कुठं हाय?"

दादा गप्प बसले, आणि गप्प बसलेला नवरा म्हणजे तयार झालेला नवरा हे वहिनींना चांगलं ठाऊक. पण मग दादांनी अट घातली: पोळा करायचा तर रीतसर करायचा. आता रीतसर पोळ्याला बैल लागतो, आणि दादांनी बैल विकून ट्रॅक्टर घेऊन जमाना झाला होता. गल्लीत शोध शोध शोधला, शेवटी शेजारच्या सोपानकडं एक बैल निघाला. दादा म्हणाले, एकाचा पोळा होत नाही, जोडी पाहिजे. मग वहिनींनी दुसरा मातीचा केला. थोरला खरा बैल आणि त्याच्या शेजारी पाटावर वीतभर मातीचा, अशी जोडी लागली.

आदल्या दिवशी खांदमळणी. बैलाचा खांदा धुवून, पुसून, लोणी-हळद चोळतात ती. दादा स्वतः चोळत होते आणि मला वाटलं, सांगायला ही वेळ बरी. म्हटलं, "दादा, तुम्ही नुसतं जू बसतं तिथंच का नाही लावत?"

"शेजारी बी लागतं की. घट्टा कडंला पसरतोय."

"मलमाचंही तेच. धुवायचं, कोरडं करायचं, कडेच्या बाहेरपर्यंत लावायचं, आणि बरं दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी सोडायचं नाही."

"मंग हे आदी कावून न्हाई सांगितलं?" दादा म्हणाले. मी पंधरा दिवस दुसरं काय सांगत होतो कुणास ठाऊक.

वहिनींनी बैलाला रीतीप्रमाणं उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. बैलानं कान हलवले. चैत्राच्या उन्हात त्याला आजवर कुणी अंघोळ घालून लोणी लावलं नव्हतं, तो बिचारा संशयानं सगळ्यांकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवली, झूल घातली, पुरणपोळी भरवली, त्यानं पोळी खाल्ली आणि वर शेजारचा मातीचा बैलही अर्धा खाल्ला. सगळी गल्ली गोळा झाली. सोपान येईल त्याला सांगायचा, "सुतकाचा ऱ्हायलेला पोळा हाय," आणि लोक मान डोलवायचे. दोघातिघांनी तर चौकशी केली, आमच्यात बी एका साली ऱ्हायला होता, आमी बी करावा का.

पूजा झाल्यावर दादांनी कात्री हातात घेतली. बालाजीचा काळा करदोडा कापला. मी तो चिमट्यानं धरून बंबाखालच्या जाळात टाकला. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं चट्टे पुरते जाईपर्यंत कंबर मोकळी ठेवायची होती. दादा म्हणाले, एक दिवसही मोकळी नाही. शेवटी रेशमाचा लाल गोफ, सैल, रोज काढून धुवायचा आणि कोरडा करून घालायचा, असा तह झाला. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, चालेल, पण ओला नको.

"आता तुमचा, दादा," मी म्हटलं.

"माझा खऱ्या पोळ्याला," दादा म्हणाले आणि चौकटीकडं सरकले.

वैशाखापर्यंत बालाजीची कंबर साफ झाली. राहिले ते तपकिरी डाग, ते सावकाश जातात. मलम आणि गोळी डॉक्टरबाईंनी चालूच ठेवली होती. हळदीच्या दिवशी सिरसाळ्याहून जीपभर बायका आल्या, आणि पुढच्या सीटवरून उतरल्या त्या आत्याबाई. सोयरीक मोडणाऱ्या त्याच. हातात पितळी वाटी, डोळ्यावर चष्मा. मला मांडवात गरम व्हायला लागलं.

घरात आधीच ठरलेलं: बालाजीनं शर्ट काढायचा नाही, आणि डाग दिसलेच तर बेल्टचे म्हणायचे. फोटोवाला म्हणाला, "शर्ट काढा, फोटोत हळद दिसत न्हाई." दादा गरजले, "शर्टावरनंच लावा."

आत्याबाई म्हणाल्या, "शर्टाला हळद लावायला आलोय का आमी?"

शर्ट निघाला. त्यांनी दंडाला लावली, पाठीला लावली, आणि पाठीवरून हात खाली आला तो कमरेशी थांबला. चष्मा वर केला. "हे डाग कशाचे?"

दादांनी तोंड उघडलं, "बेल्टचे—"

"गचकरण झालतं, आत्या," बालाजी म्हणाला. "अंबाजोगाईला दाखवलं. गेलंय. डाग ऱ्हायलेत. औषध अजून चालू हाय, कमरंची हळद नेऊ नका, हाताची न्या."

आत्याबाईंनी वाकून आणखी जवळून बघितलं.

"आन् करदोडा नवा कसा? पोळा तर लांब हाय."

"आमच्यात झाला पोळा," व्यंकटदादा म्हणाले.

आत्याबाईंनी वाटीतली हळद बालाजीच्या हाताला लावली, हातावरची निपटून परत वाटीत घेतली आणि जीपकडं निघाल्या. जाताना मला बोटानं खूण केली. मला वाटलं, झालं, सोयरीक मोडल्याचा निरोप माझ्याच तोंडून जाणार. जीपच्या पलीकडं नेऊन त्यांनी कनवटीची पिशवी काढली, आणि पिशवीतून काय निघावं? लाल टोपणाची ट्यूब, निम्मी पिळलेली.

"आमच्या प्रियंकाला बी हाय," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मांडीला. तिकडं बरं वाटलं म्हनून आता तोंडाला बी लावती, उजळ दिसंल म्हनून. तुमच्याकडं कळू देऊ नका असं मीच घरात बजावलंय. म्हनलं सोयरीक मोडंल." मग मांडवातल्या बालाजीकडं बघत म्हणाल्या, "पोरगं खरं बोललं की हो."

मी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं: लाल टोपण आजपासून मांडीला आणि तोंडालाही बंद, चेहऱ्याची लाली उठली तरी मनानं दुसरं काही लावायचं नाही, चट्ट्यावर हळद चोळायची नाही, आणि लग्न लागलं की पोरीला दाखवायला आणा. आत्याबाईंना मी म्हटलं, नवऱ्या मुलाला मी सांगणार नाही, पण पोरीला सांगू द्या. संध्याकाळी चिंचेखाली बालाजीचा फोन वाजला. आधी नुसता ऐकत होता, मग असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. इतक्या दिवसांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

लग्न लागलं. नवी जोडी योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला जाणार होती, त्याच फेरीत डॉक्टरबाईंचा नंबर लावून ठेवला. आहेर म्हणून मी दोन टॉवेल नेले, एक निळा, एक पिवळा. स्टेजवर दोघांच्या कानाशी वाकून म्हटलं, "संसारात सगळं दोघांचं. टॉवेल मात्र आपापला."

प्रियंका मान खाली घालून म्हणाली, "टॉवेलचं कळालं, आप्पा. पन ह्या घरात करदोडा पोळ्याची वाट बघत ऱ्हाणार न्हाई. उद्यापास्नं घरातले सगळे करदोडे मी धुवायला मागणार हाय."

मागं फोटोसाठी उभ्या असलेल्या व्यंकटदादांनी हळूच कोट सावरला आणि दोन्ही हातांनी आपली कंबर धरली.